गाळपेऱ्यातली मोजणी

पक्षी मोजायचे म्हणजे गप्प बसायचं, आणि गप्प बसणं मला जन्मात जमलं नाही. तरी नोकरीला लागल्यावर हा नाद लागला. हिवाळ्यात दर रविवारी शहरातून पहिली एसटी धरायची आणि चितेगाव मागं टाकून धरणाच्या काठावर उतरायचं. पाणी ओसरलं की तिथं लांबवर चिखल उघडा पडतो. थंडीत उत्तरेकडून आलेले तुतवार त्यात चोच खुपसून किडे टिपत फिरतात. ते मोजून आमच्या पक्षीमंडळाला तक्ता द्यायचा, एवढंच काम.

त्या साली मोजणी काही पुरी होईना. निम्मे मोजून झाले की एक म्हातारे काका पत्र्याचा डबा बडवत यायचे आणि अख्खा थवा उडून जायचा. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी माझं डोकं फिरलं. एक चप्पल चिखलात रुतली, ती तिथंच सोडून मी त्यांच्यावर चालून गेलो.

"काका, या पाखरांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"पाखरांनी नाय," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या मोजणीचं भ्याव वाटतंय."

त्यांची जमीन धरणात गेली होती. पाणी हटलं की तिचा एक तुकडा वर यायचा आणि त्या ओल्या गाळात ते गहू पेरायचे. गाळपेरा म्हणतात त्याला.

"आधी बी असेच कागद घेऊन आले," काका म्हणाले. "विहीर मोजली, आंबे मोजले, घर मोजलं. जे मोजलं ते पाण्यात गेलं. आता म्हणताल, ही जागा पाखरांची, तू ऊठ. म्हणून उडवतो. पाखरंच नाय दिसली तर मोजताल काय?"

मला हसू आलं आणि लई लाजही वाटली. मागच्याच रविवारी तक्त्यात मी लिहून ठेवलं होतं, शेतीमुळं पक्ष्यांना त्रास. ती ओळ त्यांच्यादेखत खोडली आणि दुर्बीण त्यांच्या हातात दिली. थवा परत उतरत होता.

"आरं, हे तर माझ्या विहिरीवर बसलेत," काका खूश होऊन म्हणाले. "बसा म्हणावं." मग दुर्बीण खाली घेत त्यांनी विचारलं, "ह्यो कागद कुणाला जाणार?"

"मंडळाकडून वर जाणार. पुढं काय होईल, मला खरंच माहीत नाही."

"मग गहू निघेस्तोवर तुमच्यापाशीच ठेवा."

पुढच्या रविवारी डबा वाजला नाही. मोजणी झकास पार पडली. मंडळाची दोन पत्रं आली, तक्ता कुठाय म्हणून. मोजणी अजून चालू आहे, असं मी बिनदिक्कत कळवलं. ऑफिसात कधी एक फाईल उशिरा न दिलेला माणूस मी.

होळीनंतर काठावर गेलो. शेतात नुसती धसकटं उरली होती, गहू काकांच्या घरी पोचला होता. तुतवारही आपल्या मुलखाला निघून गेले होते. मग परतताना चितेगावच्या टपालपेटीत तक्ता टाकला.