बदायूंची मराठी मुलं

कराडचा श्रीरंग संख्याशास्त्र शिकायला दिल्ली विद्यापीठात आला आणि मयूर विहारला हेमलतामावशीकडे राहू लागला. कुणाला नाही म्हणणं त्याला कधीच जमलं नाही. कॉलेजात ‘खादरमधल्या मुलांना गणित कोण शिकवेल?’ असं विचारलं तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. याची वरच राहिली, म्हणून याचं नाव लागलं.

खादर म्हणजे यमुनेकाठची भाजीची शेतं. उत्तर प्रदेशातल्या बदायूंहून आलेली कुटुंबं तिथे झोपड्या बांधून राहत. मुलं सरकारी शाळेत जायची, पण पाढ्यांच्या नावाने शंख. श्रीरंगचं हिंदी बेताचं आणि हिंदी आकड्यांशी तर उभं वैर. उन्यासी म्हणजे एकोणऐंशी की एकोणनव्वद, इथेच त्याची गाडी अडायची. एक दिवस वैतागून त्याने स्वतःला येत होतं तसंच सुरू केलं, “बे एके बे, बे दुणे चार.” मुलांना तो ठेका भलताच आवडला. मुळ्याच्या जुड्या बांधताना, भांडी घासताना पाढे सुरू. दिवाळीपर्यंत सगळे तोंडपाठ.

मग शाळेत तोंडी परीक्षा झाली. मुख्याध्यापिका विजयालक्ष्मी मॅडमनी लाडो नावाच्या चुणचुणीत मुलीला उभं केलं.

“सात अट्ठे?”

“छप्पन.” हे दोन्ही भाषांत सारखंच, म्हणून निभावलं.

“नौ नवां?”

“एक्क्याऐंशी,” लाडो ठामपणे म्हणाली.

खादरच्या बाकीच्या मुलांनीही तेच सांगितलं. मॅडम विचारात पडल्या. एकीची चूक असती तर गोष्ट वेगळी. पण सगळी मुलं एकच शब्द म्हणतात, म्हणजे ही त्यांची मातृभाषाच असणार. त्यांनी वर कळवूनही टाकलं: मुलं महाराष्ट्रातली, हिंदीत कच्ची. मराठी जाणणारा एखादा विद्यार्थी त्यांना हिंदी शिकवायला पाठवा, असा निरोप कॉलेजात आला आणि फिरून श्रीरंगचंच नाव लागलं.

तो धावत शाळेत गेला. “मॅडम, ये बच्चे बदायूं के हैं. हिंदी ही बोलते हैं.”

“आपके साथ मराठी बोलते हैं कि नहीं?”

“सिर्फ पहाड़े बोलते हैं.”

“बस, वही तो. रिपोर्ट जा चुकी है. अब हिंदी सिखाइए.”

घरी मावशी म्हणाली, “अरे, पण तुला तरी कुठे येतं हिंदी? आणि माझ्या पोरांना एकोणपन्नास म्हणजे फॉर्टी नाइन असं सांगावं लागतं. त्यांनाही ने तिकडे.”

दुसऱ्या दिवशी त्याने पहिलीचं पुस्तक उघडलं. जन्मापासून हिंदीत भांडणारी ती मुलं गंभीर चेहऱ्याने त्याच्यामागून म्हणू लागली, “यह घर है. यह नल है.” मध्येच तो “मेरा किताब” म्हणाला.

“मेरी किताब, भैया,” लाडोने समजुतीने सांगितलं.

मग तसंच चालू राहिलं. तो चुकायचा, मुलं दुरुस्त करायची. वर्षअखेरीस सगळी मुलं हिंदीत उत्तम गुणांनी पास झाली आणि इतक्या कमी वेळात परभाषक मुलांना हिंदी शिकवल्याबद्दल शाळेने श्रीरंगला शाल घातली.

समारंभ संपल्यावर लाडोचे वडील गर्दीतून वाट काढत आले. त्यांचे डोळे भरून आले होते. “भैयाजी,” ते अस्सल बदायूंच्या हिंदीत म्हणाले, “हमारे खानदान में आज तक किसी को हिंदी नहीं आई थी.”

श्रीरंग काही बोलणार होता. पण त्यांनी मेथीची ही एवढी जुडी त्याच्या हातात ठेवली आणि त्याला घट्ट मिठी मारली.