आतोबांचे हात

माझ्या आत्याच्या यजमानांइतकं खाली उतरण्यावर प्रेम करणारा माणूस निजामाच्या मुलखात दुसरा झाला नसेल. सगळं जग वर चढायच्या मागे. कुणाला पाटीलकी हवी, कुणाला तालुकदारासमोर बसायला खुर्ची हवी. आमच्या आतोबांना चढण्यात तिळभर रस नव्हता. तरुणपणी ते चौसाळ्याच्या बाजूचे नावाजलेले पैलवान होते. आखाडा सुटला, पण तिथला एक सिद्धांत सुटला नाही. "वजन उचलतंय ते कुणीबी. सावकाश खाली ठिवतो, त्यो गडी." घरात कुणी घागर धाडकन टेकवली की ओसरीवरून हाक येई, "अगं, उचलली तशी उतरव की!" तालमीतल्या गड्यानं जड दगडी नाल खांद्यावर घेतला की सगळे शाबासकी देत, आतोबा मात्र डोळे मिटून बसत आणि नाल आवाज न करता मातीला टेकला तरच डोळे उघडत.

पाहुणा घरी आला की आधी गूळपाणी द्यावं, अशी आपली रीत. आतोबा आधी त्याची पोटरी दाबत. पाहुणा "आई गं" म्हणाला की खूश होऊन सांगत, "काल घाट उतरून आलाव तुमी." चढून आलेला माणूस धापा टाकतो, पण दुसऱ्या दिवशी कण्हतो तो उतरून आलेला, हा त्यांचा अनुभव. थोरल्या लेकीचे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनाही त्यांनी सोडलं नाही. व्याही बिचारे बैलगाडीतून आले होते. आपली पोटरी काय म्हणून चाचपली जात आहे हे न कळून ते जेवण होईस्तोवर पाय पोटाशी घेऊन बसले, आणि आत्यानं आतल्या आत कपाळाला हात लावला. "दुखणं लई आळशी असतंय," आतोबा मला समजावत. "काम केलं त्या दिशी येत न्हाई. दुसऱ्या दिशी निघतंय, तिसऱ्या दिशी घरात येऊन बसतंय. आन् पाय शहाणे असतेत, रोजचा उतार बघतेत. हात अडाणी. त्यांच्याकडं आलं की मुक्कामच ठोकतंय."

मी तेव्हा बीडच्या अदालतीत कारकून होतो. उर्दू अर्ज लिहून बोटं आखडली की नवरात्रात आत्याकडे पळून येई. अशाच एका नवरात्रात आम्ही गावामागच्या डोंगरावर देवीची ओटी भरायला गेलो. दर्शन झालं, आणि परत निघताना देवळाच्या पायरीवरून आत्याचा पाय सरकला. घोटा बघता बघता सुजला. हाड मोडलंय की मुरगळलंय, कळेना. लोकांनी पुजाऱ्याची बाज आणली, आत्याला तीवर निजवलं आणि चौघांनी उचललं. पण वाट दगडांची, उभ्या उताराची. पहिल्याच वळणावर एकाचा तोल गेला, बाज हिसकली आणि आत्या अशी किंचाळली की आतोबांचा चेहरा पांढरा पडला.

"ठिवा खाली," ते म्हणाले. मग पटका घट्ट केला, वाकले, आणि आत्याला लहान लेकरासारखं दोन्ही हातांवर घेतलं, दुखरा पाय सरळ राहील असं.

सगळी यात्रा थबकली. नवराबायकोनं चारचौघांत एकमेकांकडे बघायचंही नाही, असा तो काळ. आत्यानं पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि आतून पुटपुटली, "ठिवा की खाली! लोक बघायलेत."

"ठिवायलाच निघालोय," आतोबा म्हणाले. "जरा सावकाश."

साठीचा माणूस, पण पूर्ण डोंगर उतरेपर्यंत तिला एक हिसका बसू दिला नाही. हाडवैदानं घोटा चाचपला आणि म्हणाला, हाडाला तडा आहे, पण जागचं हललेलं नाही. हललं असतं तर बाई जन्मभर लंगडली असती.

दुसऱ्या दिवशी आतोबा भिंत धरून चालले. तिसऱ्या दिवशी "अगागा" केल्याशिवाय बसवेना. मग पाय मोकळे झाले. हात मात्र होईनात. कोपरं सरळच होईनात, दंड सुजून टम्म. आत्याला अजून उचलून धरल्यासारखे दोन्ही हात पुढे वाकवून ते गावभर हिंडत, आणि पारावरची मंडळी विचारत, "पैलवान, वैनीला कुठं ठिवून आलाव?" त्यांना पटका बांधता येईना, तो मी बांधायचो. घास तोंडापर्यंत जाईना. मग घोट्याला फळ्या बांधलेली आत्या बाजेवर बसून त्यांना भाकरी कुस्करून भरवी. "आता मी उचलते, तुमी गिळा," असं म्हणून ती रागावे, आणि पुढचा घास जरा मोठाच करी.

पुढच्या पावसाळ्यात पोळा झाला, आणि आतोबांनी नवंच काढलं. रोज सकाळी ज्वारीचं पोतं कवळून ते डोंगर उतरू लागले. कुणीतरी न राहवून विचारलं, "पैलवान, खालीच आणायचं तर वर कशाला नेता?"

"वर नेल्याबिगर उतरवू कसं?" आतोबा म्हणाले. मी पोळ्याला बीडहून आलो होतो, मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "पैल्या बारीला दुखलं तेवढं दुसऱ्या बारीला दुखत न्हाई. हातबी शिकतेत. अन् तिचा पाय पुन्हा सरकला तर?"

नवरात्र आलं. आत्या डोंगर चढली, ओटी भरली, आणि देवळाच्या साऱ्या पायऱ्या ठणठणीत उतरली. आतोबा दोन पावलं पुढं, हात तयार ठेवून. पाय सरकला नाही. अर्धा उतार झाला तसा त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि ते आत्यानं पाहिलं असावं. पायथ्याला बांगड्या विकणाऱ्यांची पालं दिसू लागली तशी ती एका दगडावर टेकली आणि मला म्हणाली, "पाय भरून आलाय. सांग त्यांना."

मी सांगायच्या आत आतोबा वळले होते. त्यांनी तिला अलगद उचललं. या वेळी तिनं पदर ओढला नाही. "तू हो पुढं," ती मला म्हणाली.

मी पुढं झालो. मागून दोघं बोलत येत होते, हळू आवाजात, मधेच हसत. चारचौघांत त्यांना एकमेकांशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आतोबांनी पटका स्वतः बांधला, आणि तो बघायला मला मुद्दाम उठवलं.

आता दोघंही नाहीत. आत्या आधी गेली. त्यानंतरही आतोबा पुष्कळ वर्षं होते, आम्ही ओसरीवर तासन्‌तास बसत असू; पण त्या उतारावर तुम्ही काय बोलत होता, हे विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.