शास्त्रीबुवांच्या व्याजाचा मुहूर्त

सावधपणा हीदेखील एक उपासनाच आहे. पंचवटीचे पुरोहित यज्ञेश्वरशास्त्री तिचे निष्ठावंत साधक होते. म्हातारपणाची लाखाची पुंजी गुंतवण्यासाठी २००६ साली त्यांनी सायबर कॅफेत बसून देशोदेशींच्या ऑनलाइन बचत खात्यांचे व्याजदर पडताळले. उत्तर ध्रुवानजीकच्या एका देशातील बँक सर्वश्रेष्ठ ठरली. खाते उघडण्याचा मुहूर्त मात्र तेथील सूर्योदयावरूनच काढायला हवा होता.

"अगं सुधा, तिथे सध्या सूर्य मावळतच नाही! मग उगवणार कधी आणि तिथी कोणती धरू?"

"मग थांबा हिवाळ्यापर्यंत!" पत्नी हसून म्हणाल्या.

शास्त्रीबुवा थांबले. हिवाळ्यात तेथे सूर्य उगवेचना. मधल्या ऋतूंत उगवला, तर तिथी शुभ निघेना. अशी दोन वर्षे गेली आणि ती बँकच बुडाली.

शास्त्रीबुवा आता नाहीत. त्यांचे लाख रुपये पंचवटीतल्या बँकेत, साडेतीन टक्क्यांनी, सुधाबाईंच्या नावावर आहेत.