गेटवरची घरटी

अमेरिकेतल्या रेडमंडहून मी एका कारखान्यात ट्रकच्या वेळा नोंदणारं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला गेलो होतो. मुद्दाम लावलेली पाच-सहा वर्षांची पॉपलरची झाडं फांद्यांसकट भरडून तिथे जळणाचे पेलेट, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या कांड्या, बनवतात आणि तोडलेल्या जागी पुन्हा रोपं लावतात. गेटवरचा म्हातारा प्रत्येक ट्रकभोवती सावकाश फिरायचा, फांद्यांतली रिकामी घरटी काढून केबिनच्या खिडकीत मांडायचा. तेवढा वेळ ट्रक खोळंबायचा आणि माझ्या स्क्रीनवर उशीर लाल दिसायचा. चौथ्या दिवशी मी वैतागून म्हणालो, “घरटंही काड्यांचंच ना? जळेल की.”

त्याने हातातल्या घरट्यावरची धूळ फुंकली. “जळेल. पण झाडं आपण लावली होती. हे आपण लावलं नव्हतं.”

पुढचा ट्रक आला तेव्हा घरटी शोधत एका बाजूने तो गेला, दुसऱ्या बाजूने मी.