बाबांच्या खांद्यावरचा हात

ठाण्याला नौपाड्यात बोर्ड आणि फोटो छापून देणाऱ्या एका दुकानात मी फाइली तपासते. छपाईला जाण्याआधी प्रत्येक फाइल माझ्याकडे येते आणि बहुतेक वेळा मी ती परत पाठवते. लोक म्हणतात बाई खडूस आहे. आहेच. एका डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या बोर्डासाठी लोगो म्हणून मोबाइलचा स्क्रीनशॉट पाठवलेला. त्यात वरच्या कोपऱ्यात बॅटरी संपत आल्याची लाल खूण होती. मी अडवलं नसतं तर ती दवाखान्याच्या दारावर लागली असती, आणि पेशंटांनी त्यातून काय तो अर्थ काढला असता.

माझं म्हणणं साधं असतं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वाटेतच त्याचा जीव जातो. लहान फोटो ताणून मोठा केला तर त्यात नवीन काही येत नाही, नाकाच्या जागी चौकोन येतात. स्क्रीनवरचा तो झगझगीत पोपटी शाईत मिळत नाही. कडेला थोडी जागा सोडा, कापणारा माणूस आहे, इकडेतिकडे होतं. हे सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर समोरचा विचारतो, "पण मॅडम, पीडीएफ केलंय की, तरी चालणार नाही?" मी पाणी पिते.

आणि आमच्या घरी, डोंबिवलीला, हॉलमध्ये बाबांचा जो फोटो लागलाय तो माझ्या टेबलावर आला असता तर मी आणणाऱ्याला जिना उतरवला असता.

बाबा गेले तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, सगळं दादाने बघितलं. बाबांना फोटो काढून घ्यायचा कंटाळा. त्यातल्या त्यात बरा होता तो आत्याच्या मुलीच्या लग्नातला ग्रुप फोटो, आणि तो आंबिवलीला आत्याच्या अल्बममध्ये. दादाने तिथेच अल्बमवर मोबाइल धरून फोटोचा फोटो काढला, बाबांपुरता कापला आणि कल्याणच्या कुठल्याशा दुकानात व्हॉट्सअ‍ॅप केला. तेराव्याच्या आधी फ्रेम हवी होती, मिळाली. तेव्हापासून बाबांच्या कपाळावर आत्याच्या घरातली ट्यूबलाइट आहे. आणि डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. चार बोटं, मनगटापाशी कापलेली.

आला-गेला विचारायचा, हात कुणाचा? दादा म्हणायचा, काकांचा असेल. मी म्हणायचे, काकांची बोटं एवढी बारीक कुठली? मग चहा यायचा आणि विषय बदलायचा. मी आईला कितीदा म्हटलं, तो हात काढून टाकते, पाच मिनिटांचं काम आहे. ती म्हणायची, "असू दे. तुला काय त्रास देतोय तो?"

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्याच फोटोची काच पुसता पुसता आई म्हणाली, "माझा आत्ताच करून ठेव."

"काय?"

"फोटो. मी गेल्यावर तुम्ही दोघं घाईघाईत कापाकापी करणार. मला माहितेय तुमची कामं. आधी तयार कर, मी बघून पास करते. आणि ह्यांच्या शेजारी शोभला पाहिजे. साइज एक, रंग एक."

गॅस बुक करायला सांगावं तशा आवाजात. मला रडू यायला लागलं, म्हणून मी भांडले. सणासुदीला काय हे बोलणं, वगैरे. ती शांतपणे दुसरी काच पुसायला गेली.

मी टाळत राहिले. आई रोज विचारायची. एका रविवारी तर इस्त्रीची साडी नेसून खिडकीजवळ उजेडात येऊन बसली आणि म्हणाली, "काढ." मी धंद्याची अडचण पुढे केली. म्हटलं, बाबांची फाइल इतकी वाईट आहे की तिच्याशी मॅच करायचं तर तुझा फोटो मुद्दाम बिघडवावा लागेल. आधी बाबांचा मूळ फोटो नीट स्कॅन करायला हवा. मला वाटलं, संपला विषय.

"मग आण की आंबिवलीहून," आई म्हणाली. "तू जातेस का मी जाऊ?"

गेले. आत्याने पोहे केले आणि अल्बम काढला. तो फोटो मी आधी कधीतरी बघितला असणारच, पण लग्नाच्या अल्बममध्ये आपण स्वतःलाच शोधतो. बाबा पुढे खुर्चीवर बसलेत. त्यांच्या मागे, स्टेजच्या पायरीवर, आई उभी. पदर नीट, नजर समोर, चेहरा ओळखपत्रावर असतो तसा. आणि हात बाबांच्या खांद्यावर.

आमच्या आईने बाबांना चारचौघांत कधी हात लावलेला मी पाहिलेला नाही. चहाचा कपसुद्धा ती त्यांच्यासमोर टेबलावर ठेवायची. आणि दादाने तिला बरोबर बांगड्यांच्या पुढे कापून टाकलेलं. मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. आत्याला वाटलं मीठ जास्त झालं.

फोटो दुकानात नेला, मशीनच्या सगळ्यात वरच्या सेटिंगला स्कॅन केला, डाग काढले, पिवळेपणा काढला. घरी लॅपटॉप आईसमोर ठेवला.

"हात तुझा आहे," मी म्हटलं.

"मग कोणाचा असणार?"

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मला कुठे विचारलंत? तुम्ही एकमेकांना विचारत होतात."

"आणि मी काढून टाकते म्हणत होते तेव्हा?"

"तेव्हा नको म्हटलं ना." ती स्क्रीनच्या जवळ आली. "पायरीवर पाय सरकत होता माझा, म्हणून धरलं." मग म्हणाली, "नंतर सोडायचं राहिलं."

मी लॅपटॉप तिच्याकडे आणखी वळवला.

"हाच घे," आई म्हणाली. "वेगळा नको. मला कापू नकोस फक्त."

मी समजावलं, बाबांच्या फोटोला हार असतो, त्यात जिवंत माणूस कसं चालेल, आत्या घर डोक्यावर घेईल.

"आत्ता कोण लाव म्हणतंय? मी गेल्यावर लाव. फाइल तयार ठेव."

तर फाइल तयार आहे. मी जे जे लोकांना ओरडून सांगते ते सगळं तिच्यात आहे. कडेला जागा भरपूर सोडलीय, कापणाऱ्याने कितीही चुकवलं तरी आईला धक्का लागणार नाही. दुकानात एक पट्टी चाचणी म्हणून छापूनही बघितली.

आई अधूनमधून विचारते, "झाली का गं फाइल?" मी सांगते, काळा रंग अजून नीट येत नाहीये. नुसती काळी शाई फोटोत राखाडी दिसते, तिच्यात बाकीचे रंग थोडे मिसळावे लागतात, त्याचं प्रमाण जमत नाहीये. ती मान डोलावते.

काळा पहिल्याच पट्टीत बरोबर आलेला.

परवा मेथी निवडताना तिने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा काळ्या रंगाचं सांगायला लागले. तिने मला पुरतं बोलू दिलं नाही.

"येईल तेव्हा येईल," ती म्हणाली. "मी आहे."