चिमटीत आलेला उत्तरेचा चतुर

दुबईहून हत्ताचे डोंगर दीड तासावर आहेत. माझ्या बाबांना तिथे पोहोचायला अकरा वर्षं लागली. ते जबल अलीत कंपनीची बस चालवतात. कामगारांचा कॅम्प ते गोदाम आणि परत. मी पंधरा दिवसांसाठी दुबईत आत्याकडे आले होते. बाबांना एकच सुट्टी होती आणि ती मी मागून घेतली, एका चतुरासाठी (ड्रॅगनफ्लाय).

माझा बी.एस्सी.चा प्रकल्प चतुरांवर आहे. युरोपपासून आफ्रिका आणि आपल्या भारतापर्यंत आढळणारा एक लाल चतुर हिवाळ्यात इथे दिसतो, असं सरांनी सांगितलं होतं. पण इथे इतरही लाल चतुर आहेत. याचा डोळा वरून लालसर आणि खालून निळसर राखाडी असतो. तो निळा भाग दिसला नाही तर नोंद धरत नाहीत.

वाटेत करक (दाट दुधाचा कडक चहा) घेतला. पुढे खजुराच्या बागेत फलज (डोंगरातलं पाणी आणणारा पाट) वाहत होता. उघड्या, तपकिरी डोंगरांखाली ते पाणी पाहून मी पाटाच्या काठावरच बसले.

बागेचे राखणदार खानचाचा हसले. "लोग इधर बोट चलाने आता है. तुम मक्खी देखने आया?"

"लडकी कॉलेज में है, खानसाब," बाबा म्हणाले. "सबका नाम मालूम है उसको."

मला समोरच्या एकाही चतुराचं नाव खात्रीने सांगता येत नव्हतं. दोन तासांत चाळीस फोटो काढले. सगळे वरून, सगळे नुसते लाल.

"नाही जमत, बाबा."

बाबांनी चपला काढल्या. सावली मागे ठेवून ते उकिडवेच पुढे सरकले आणि एका चतुराची शेपटी चिमटीत धरली. "घे. शेपटीला बांधायला दोरा आणलायस का?"

"बाबा, पकडायचा नसतो!"

"मग अभ्यास कसा करतात?"

मी घाईने त्याचे पंख मिटून अलगद कसे धरायचे ते बाबांना दाखवलं आणि भिंग लावलं. पंखांच्या पुढच्या शिरा लाल होत्या, मुळाशी केशरी डाग होता. डोळ्याचा खालचा अर्धा भाग निळसर होता, पावसाळी आभाळासारखा. तो बाबांच्या हातात असतानाच मी फोटो काढला.

बाबांनीही भिंगातून बराच वेळ पाहिलं. "एवढासा जीव. कुठून आला असेल?"

"ह्याचं नाही सांगता येणार. पण ही जात फार लांब उडते. उत्तरेकडूनही येते."

"परत जातो?"

"बहुतेक हा नाही जात. याची पुढची पिढी जाते म्हणतात."

बाबांनी बोटं उघडली. चतुर क्षणभर त्यांच्या नखावर बसला आणि पाटावरून निघून गेला.

"खलास?" खानचाचांनी विचारलं.

"हो गया," बाबा म्हणाले, आणि पाटात हात बुडवून तसेच बसून राहिले.

नोंद मान्य झाली. 'पद्धत' या रकान्यात मी 'हाताने, सावली न पाडता' असं लिहिलं होतं. सरांनी विचारलं, हे कुठे शिकलीस? इतकी वर्षं मला वाटत होतं, घरात शिकणारी मी पहिली. सरांना बाबांचं नाव सांगताना ते तितकंसं खरं वाटेना.