वेजीमाचं दही लागेना

गुजरातेतल्या थरादकडच्या त्या गावात वेजीमाला कुणी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि एका मतावर ठाम राहतानाही पाहिलं नव्हतं. बाजारातून हिरवी ओढणी आणली, तर घरी पोचेपर्यंत तिला वाटायचं की लालच घ्यायला हवी होती. तिचा नवरा लखमणभाई चारचौघांत म्हणायचा, "हिला स्वर्गाच्या दारात नेऊन उभी करा, तिथंही विचारील, आत जाऊ का नको?" वेजीमा हसायची आणि मग खरोखरच विचारात पडायची.

दुधाच्या बाबतीत मात्र बाई पक्की होती. गावच्या दूध मंडळीत, म्हणजे सहकारी डेअरीत, पाण्याचा थेंब घालून दूध भरणाऱ्या बायका तिला ठाऊक होत्या, पण तिच्या चरवीकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती. "ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या तोंडात जातं," ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

तिच्या मुलाचं, सवाचं लग्न साट्याने झालं होतं. साटं म्हणजे मुलगी द्यायची आणि मुलगी घ्यायची. धानेऱ्याकडच्या घरची वरजू सवाला आली, आणि वेजीमाची लेक झमकू वरजूच्या भावाला गेली. मोठं सोयीचं असतं हे, हुंडा नाही, शोधाशोध नाही. फक्त एका घरात भांडं वाजलं की दुसऱ्या घरात आपोआप आदळआपट होते. एक सून माहेरी परतली तर दुसरीलाही गाठोडं बांधावं लागतं, मग ती कितीही सुखात नांदत असो.

वरजू नांदायला आली त्या सकाळी वेजीमाने रीतीप्रमाणे दह्याचं मडकं तिच्या हाती दिलं. तिकडच्या घरांत एकदा मडकं सुनेला दिलं की सासूने विरजणाला हात लावायचा नाही. लावला तर तो सुनेचा अपमान. वरजूने पदर सावरून मडकं घेतलं, आणि वेजीमाला ती पोर फार आवडली.

त्याच आठवड्यात मोठ्या म्हशीच्या कासेला दगडी झाली. एक सड सुजून टणक झाला, धारेत गुठळ्या यायला लागल्या. गुरांचा डॉक्टर मोटारसायकलवरून आला. त्याने मानेत सुई टोचली, सुजलेल्या सडात औषधाची नळी पिळली आणि निघता निघता बजावलं, "वेजीमा, मी सांगेपर्यंत हिचं दूध मंडळीत भरायचं नाही हं."

"नाही भरणार," वेजीमा म्हणाली. आणि ती बाई शब्दाला जागली. सुजलेल्या सडाचं दूध तिने उकिरड्यावर ओतलं. बाकीचे तीन सड चांगले होते, दूध पांढरंशुभ्र येत होतं. एवढं दूध फेकायचं म्हणजे पाप. मग तिने धाकट्या म्हशीचं सगळं दूध मंडळीत भरलं आणि मोठीचं घरात ठेवलं. यात कुठे चुकलं, हे तिला त्या दिवशी देवाने येऊन सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

संध्याकाळी वरजूने दूध तापवलं, कोमट केलं, विरजण घातलं, मडकं गोधडीत गुंडाळलं. सकाळी उघडलं तर दूध जसंच्या तसं. कडेला जरा चिकट, वासाला विचित्र, पण दही नाही.

"थंडी आहे," वेजीमा म्हणाली. दुसऱ्या दिवशी मडकं चुलीशेजारी ठेवलं. तरी तेच. मग शेजारून विरजण आणलं. तेही वाया. बाजरीच्या रोटल्यावर घरातले पुरुष सुकं तोंड करून बसले. जेवणात ताक नाही म्हणजे त्यांच्या लेखी घरात सुतक.

वेजीमाची जाऊ धुळीबेन हे सगळं बघत होती. दुसऱ्याच्या घरातलं विरजण कसं लागतंय यावर तिचं स्वतःच्या चुलीपेक्षा जास्त लक्ष. "हात असतो एकेकीचा," ती ओसरीवर बसून म्हणाली. "मी नाव नाही घेत कुणाचं. पण म्हैस आजारी पडली कधी? दही बिघडलं कधी? आपलं आपण बघावं माणसानं."

"काहीतरीच काय, भाभी!" वेजीमा म्हणाली. पण रात्रभर तिचं डोकं घुसळत राहिलं. पोर तर गुणी आहे. मग दही का लागेना? म्हैस तीच, मडकं तेच, चूल तीच. नवीन आहे ते काय? वरजूच. पण पोर तर गुणी आहे. असं ते विचारचक्र फिरून फिरून तिथेच यायचं.

शेवटी एका सकाळी, पुन्हा पातळ दूध निघालं तेव्हा, अंगणात चार बायका असताना तिच्या तोंडून निघून गेलं, "वरजू, चार दिवस आईकडे जाऊन ये बाई. बघू तरी."

एवढंच. हाकलली नाही, शिव्या दिल्या नाहीत. पण वरजूचा चेहरा असा झाला की वेजीमाला वाटलं शब्द परत घ्यावेत. घ्यावेत की नको, या विचारात ती उभी राहिली, आणि तोवर सवा बिचारा खाली मान घालून बायकोला बसमध्ये बसवायला निघालाही होता.

त्या संध्याकाळी वेजीमाने स्वतः विरजण लावलं. सकाळी मडक्यात दही असं घट्ट, की पळी उभी राहावी.

"बघितलंस?" धुळीबेन म्हणाली.

वेजीमाने बघितलं होतं. आनंद व्हायला हवा होता, पण तिला रडू यायला लागलं. म्हणजे खरंच पोरीच्या हातात काही होतं? की नव्हतं? डोळ्यांसमोर घट्ट दही दिसत असताना माणसाने कशावर विश्वास ठेवावा? गावाने तर निकाल देऊन टाकला होता.

दोनच दिवसांत झमकू दारात. हातात गाठोडं, डोळे सुजलेले.

"तू का आलीस ग?"

"का आले? तुमची सून तिथं, मग मी तिथं कशी?" झमकू उंबऱ्यातच बसली. "मा, तुझं दही लागलं ना? आता चाट बोटानं. माझं घर मात्र उठलं."

लखमणभाईने विडी पेटवली आणि एकही विनोद केला नाही.

होळी जवळ आली तेव्हा त्याच म्हशीला पुन्हा दगडी झाली. पुन्हा डॉक्टर, पुन्हा सुई, पुन्हा नळी, पुन्हा तीच ताकीद. वेजीमाने पुन्हा एका सडाचं दूध फेकलं, तीन सडांचं घरात ठेवलं आणि आपल्या हाताने विरजण लावलं.

सकाळी मडक्यात दूध जसंच्या तसं.

तिने बोट घातलं. मग पूर्ण हात घातला. मग तो हात डोळ्यांसमोर धरून ती कितीतरी वेळ बघत बसली. वरजू तर इथे नाही. मग हा कुणाचा हात?

डॉक्टर म्हैस तपासायला आला तेव्हा तिने त्याला गोठ्यातच अडवलं. "साहेब, तुमच्या औषधानं दही बिघडतं का हो?"

"हिचं दूध तुम्ही घरात वापरलंत?"

"मग काय करू? तुम्ही म्हणालात मंडळीत भरू नका. नाही भरलं. एक थेंब नाही भरला, पोरांची शपथ."

डॉक्टरने कपाळावर हात मारला. "अहो मा, मंडळीत नको म्हणजे कुणीच प्यायचं नाही!"

"तसं म्हणाला नाहीत तुम्ही."

तसं तो खरंच म्हणाला नव्हता.

"पण खराब सडाचं फेकलं मी," वेजीमा म्हणाली. "औषध त्या सडात गेलं. बाकीच्या तिघांना कसं कळलं?"

"सड चार, पण म्हशीचं रक्त एकच ना? मानेत टोचलेलं रक्तात उतरतं, सडातलंही थोडं रक्तात जातं. अन् कासेतलं दूध त्या रक्तातूनच बनतं. मग कुठल्याही सडाचं काढा, थोडं औषध येणारच. विरजण जिवंत असतं मा. औषध जसं आजाराला मारतं तसं विरजणालाही मारतं. हळूहळू ते दुधावाटे, मुतावाटे निघून जातं. मग दही पहिल्यासारखं लागतं."

"आपोआप?"

"आपोआप. कुणी काही करावं लागत नाही."

वेजीमा म्हशीच्या पाठीला टेकली. म्हणजे वरजू गेली त्याच सुमाराला म्हशीच्या अंगातून औषधही गेलं होतं. पोरीने गावाची वेस ओलांडली आणि दही लागलं, आणि ती तेवढ्यावर विश्वास ठेवून बसली. तिला स्वतःची अशी चीड आली, की दगडीचं दूध ओतायची बादली तिने लाथेनं उडवून दिली. म्हैससुद्धा दचकली.

दुसऱ्या दिवशी ती झमकूला घेऊन धानेऱ्याच्या बसमध्ये चढली. आयुष्यात पहिल्यांदा ती जाऊ की नको असं म्हणाली नाही.

वरजूच्या आईने, मोंघीबेनने, झमकूला जवळ घेतलं. वेजीमाला पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. वरजू शेण थापत होती. वेजीमा अंगणातच, शेजारणी कुंपणाशी उभ्या असताना, मोठ्याने बोलायला लागली. मानेतली सुई, सडातली नळी, रक्त, कास, जिवंत विरजण, मेलेलं विरजण. डॉक्टरने सांगितलं ते सगळं उलटसुलट क्रमाने, पण सगळं. "माझ्या हातानंही नाही लागलं ग. तुझा हात चांगला आहे. चूक माझी. मीच मूर्ख."

वरजूने सगळं ऐकून घेतलं. हात धुतले, पदराला पुसले आणि मान डोलावली. मग मोंघीबेन म्हणाली, "तिला सांगून काय उपयोग वेजीबेन? इथं आल्यापासून ही मडक्याला हात लावत नाही. मी म्हटलं लाव, तर म्हणते नको आई, तुझंही नासेल."

वेजीमाने वरजूकडे पाहिलं. पोर जमिनीकडे बघत होती.

"मा," वरजू हळूच म्हणाली, "तुम्ही सांगता ते कळलं मला. औषध गेलं की दही लागतं. पण तिथं येऊन मी लावलं, अन् नाही लागलं तर?"

वेजीमाला रक्त आठवलं, कास आठवली, पण यातलं काहीच कामाचं वाटेना. तिने पुढे होऊन वरजूचा शेणाचा वास येणारा हात दोन्ही हातांत धरला.

"नाही लागलं तर पातळच पिऊ ग," ती म्हणाली. "तू चल."